करंटचं बिऱ्हाड

बार्शीच्या हेमांगी कुलथेने घरी केलेला सर्किट बोर्ड बघायला रविवारी सकाळी करंट आले, आणि इथे राहणं जमायचं नाही, असं त्यांनी सांगितलं.

करंट म्हणजे साठीकडे झुकलेले किडकिडीत गृहस्थ होते. कडक इस्त्रीचा शर्ट, पायात रबरी चपला. चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या नाहीत आणि कुणी आग्रहही केला नाही. हेमांगीने पाणी पुढे केलं, तेव्हा ते खुर्चीसकट मागे सरकले.

"पाणी नको. आम्हाला चालत नाही."

हेमांगी पतसंस्थेत नोकरीला होती आणि सुट्टीच्या दिवशी मोरीत सर्किट बोर्ड बनवायची. छापलेला नकाशा इस्त्रीने तांब्याच्या पाटीवर उतरवायचा आणि पाटी फेरिक क्लोराईडच्या पाण्यात हलवत बसायचं. शाईखालचं तांबं राहतं, बाकीचं विरघळून जातं. उरलेल्या वाटांवरून करंट ये-जा करतात. आजवर तिने केलेल्या बेलमध्ये नि दिव्यात तरुण करंट येऊन राहिले होते. त्यांनी काही विचारलं नव्हतं. पण हा बोर्ड आवाज मोठा करण्यासाठी होता, आणि आवाजाच्या कामाला मुरलेला करंट लागतो.

आवाज तिच्या वडिलांचा होता. घशाच्या ऑपरेशननंतर आप्पांचं बोलणं श्वासाइतकंच उरलं होतं. बाजारातलं यंत्र लावलं, तर त्यातून एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखं काहीतरी बाहेर आलं. आप्पांनी ते काढून ठेवलं आणि बोलणंच सोडलं. काही हवं असलं की ते टाळी वाजवत.

"अडचण काय आहे?" हेमांगीने विचारलं.

करंटनी बोर्ड उजेडात धरला. "जायला वाट केलीत, ताई. परत कुठून यायचं?"

हेमांगीने वाकून पाहिलं. परतीची वाट एका ठिकाणी विरघळून तुटली होती.

"दुसरा करते. पुढच्या रविवारी या."

"बघा बुवा. तयार बोर्डात जागा खूप आहेत मला."

"असू देत. तुम्ही या."

दुसऱ्या बोर्डावर परतीची वाट चांगली रुंद होती. करंट आत शिरले, एक फेरी मारली आणि गुडघे चोळत बाहेर आले.

"काटकोनात वळणं? या वयात?"

हेमांगीने वळणं तिरकी केली. तिसऱ्यांदा त्यांना मध्येच टेकायला जागा हवी होती, म्हणून तिने चौथ्या बोर्डावर वीज थोडा वेळ साठवणारा एक कपॅसिटर वाढवला. त्याच बोर्डाची तांब्याची वाट सोल्डरिंगचा डाग देताना उचकटून वर आली. तिने पाटी बाजूला ठेवली आणि नवी घासायला घेतली. तिची बोटं आता कायमची तपकिरी झाली होती. मोरीची फरशीही. पतसंस्थेत कुणी विचारलं, तर "जागेचं काम चाललंय" एवढंच ती सांगायची.

आप्पांनी एकदा तिचं मनगट धरून नकारार्थी मान हलवली. पुरे कर, असं त्यांना म्हणायचं होतं.

"ते राहायला येईपर्यंत नाही," ती म्हणाली आणि इस्त्री तापवायला लावली.

पुढच्या रविवारी करंटनी नव्या बोर्डावरून बोट फिरवलं.

"जागा बरी आहे," शेवटी ते म्हणाले. "पण बंद घरात मला करमत नाही. कुणी बोलणार नसेल, तर मी येऊन काय करू?"

हे हेमांगीच्या हातात नव्हतं. तिने आप्पांकडे पाहिलं. आप्पा भिंतीकडे बघत होते. मग त्यांनी हात पुढे केला. तिने छोटा माईक त्यांच्या कॉलरला लावला आणि स्पीकर मांडीवर ठेवला. करंटनी चपला सारख्या केल्या, शर्ट खाली ओढला आणि आत गेले.

आप्पांनी ओठ हलवले.

"गाव कुठलं तुमचं?"

आवाज खोलीभर गेला. थोडा खरखरीत होता, पण आप्पांचाच होता. हेमांगीने टेबलाची कड घट्ट धरली.

"मूळचे कोयनेचे," आतून उत्तर आलं.

"कोयनेचे? मग पोफळीचे सावंत माहीत असतील तुम्हाला."

"कुठले? थोरले की धाकटे?"

"धाकटे हो! ते आमच्याबरोबर तालुक्याला..." आप्पा खुर्चीत सावरून बसले. हेमांगीने आप्पांपुरता एकच कप चहा टाकला.