सुरक्षाप्रमुख विहिरीत

सेलूच्या शाळेनं रूपराव सरांना स्नेहसंमेलनाचे सुरक्षाप्रमुख नेमलं, ते गेल्या वर्षी पुठ्ठ्याचं झाड प्रमुख पाहुण्यांच्या टाळक्यावर आलं म्हणून. सरांनी नेमणूक फारच मनावर घेतली. नाटक वाचलं आणि भडकलेच! नायिका विहिरीत पडलेल्या बाळाला वाचवायला उडी मारते म्हणे. आणि नायिका कोण? त्यांचीच दहावीतली लेक, नंदिनी.

"उडीबिडी काही नाई! काठावर बसून सांग, मी उडी मारली, समजून घ्या."

"बाबा, मंग लोक काय पाहाले येतीन? अख्खं नाटक त्या उडीसाठी हाये!" नंदिनी रडकुंडीला आली.

"पोरीले मारू द्या हो," नंदिनीची आई सुलोचनाबाई म्हणाल्या. "ते तं पलंगावरून रोज मारते. तुमचंच काळीज उड्या मारून राह्यलं."

(हा टोमणा विषयाला सोडून होता, असं सरांचं आजही ठाम मत आहे.)

शेवटी तडजोड झाली. टेबलं जोडून केलेल्या रंगमंचात मधलं एक टेबल काढलं, तीच विहीर. तिच्यात सरांनी घरच्या झाडून साऱ्या गाद्या कोंबल्या. पोरांनी भोवती पुठ्ठ्याचा कठडा लावला होता. "याच्यात पाय अडकून लेकरू पडलं तं जबाबदार कोण?" असं गरजून तो सरांनी स्वतःच्या हातानं उपटून फेकला.

संमेलनाच्या संध्याकाळी पडद्यामागे नटराजाची पूजा झाली. नारळ सरांनीच फोडला. आता देवाला पाठ दाखवू नये, ही रीत. सर हात जोडून, डोळे मिटून, भक्तिभावानं मागं मागं सरकत गेले आणि थेट विहिरीत!

लागलं काहीच नाही. (गाद्यांची व्यवस्था चोख होती. हे कुणी बोलतच नाही.) ते वर निघणार, तोच घंटा झाली आणि पडदा उघडला. आता बाहेर यावं, तर पोरीच्या नाटकाचं हसं. बसले दडून. पाणी भरायचा प्रवेश सुरू झाला, तशी बादली डोक्यात आली. मग वरून कापडाचं बाळ पडलं, ते चष्मा घेऊन गेलं. संताप असा की अंगाची लाही लाही, आणि ब्र काढायची सोय नाही!

नंदिनी धावत काठाशी आली आणि थबकली. खाली बाप!

"सरका ना बाबा," ती पुटपुटली.

सरांना राहवलं नाही. "खबरदार! उडी मारू नको! काऊन आयकत नाई तू?"

विहिरीतून तो भसाडा आवाज घुमला आणि मांडवात हशा उसळला. एवढुशा बाळाला केवढा हा गळा! नंदिनीचे डोळे भरून आले. संपलंच नाटक. पण पोरगी बापासारखीच हट्टी. तिनं पदर खोचला आणि ओरडली, "भेऊ नको रे माह्या बाळा! आलीच मी!"

अन् घेतली उडी. टाळ्या, शिट्ट्या, नुसता कल्लोळ! नंदिनीला साधं खरचटलं नाही. तिला झेलायला उठलेल्या सरांच्या नाकावर मात्र तिची टाच बसली.

"बाळ म्हणते मले! साऱ्या गावापुढं!" खेळ संपल्यावर नाकाला रुमाल लावून सर धुमसत निघाले. "सुरक्षेची काही किंमतच नाई या गावात!"

मंचामागं नंदिनीनं हळूच त्यांचा हात धरला. "बाबा, जपून. पायऱ्या हायेत."

"दिसते मले!" सरांनी हात झटकला, आणि होत्या त्यापेक्षा एक पायरी जास्त उतरले.