ग्रंथपालांनी मांडलेलं टेबल

"शंभर अर्ज ना? पाचच्या आत देतो, सर," ग्रंथपालांनी प्राचार्यांना छातीठोकपणे सांगितलं. मतदार नोंदणीचा तो शेवटचा दिवस. पाच वाजता निवडणूक कार्यालयाचा कारकून अर्ज न्यायला येणार होता. तोवर अख्ख्या कॉलेजातून आले होते चार, त्यातला एक कोरा.

ग्रंथपालांना तळमळ खरी होती. अठरा वर्षांची होऊनही आपली पोरं कुणाच्या खिजगणतीत नाहीत, याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. पण गेल्या सव्वीस वर्षांत त्यांनी कुणालाही पुस्तकासाठी एक दिवस वाढवून दिला नव्हता. पोरं त्यांना लांबून पाहूनच वाट बदलत, आणि एवढंच काय ते त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांनी फाटकाशी टेबल टाकलं, सवयीने नोंदवही उघडली आणि पहिल्याच मुलाला अडवलं.

"नाव सांग. घरचा पत्ता सांग. पुरावा आहे?"

मुलगा पांढराफटक पडला. "सर, घरी नका येऊ. उद्या नक्की आणतो."

"उद्या चालणार नाही. आजच शेवटचा दिवस आहे."

मुलाने धूम ठोकली. ग्रंथपाल पत्ते घेऊन घरोघरी वसुलीला निघणार, ही बातमी दहा मिनिटांत कॉलेजभर झाली.

एक वाजता टेबलापुढे ही लांब रांग! ग्रंथपालांना भरून आलं. पहिल्याने टेबलावर संख्याशास्त्राचा ठोकळा आदळला. दुसऱ्याने तीन कादंबऱ्या ठेवल्या. तिसरा खाली मान घालून म्हणाला, "हे माझ्या ताईनं नेलेलं, सर. तिचा मुलगा आता पहिलीत आहे."

"अरे, मला पुस्तकं नकोत, तुम्ही हवे आहात," ग्रंथपाल ओरडले. अर्धी रांग पळाली.

चार वाजले. पुस्तकं दीडशे, अर्ज तेच चार. ग्रंथपाल डोक्याला हात लावून बसले. शेवटच्या वर्षाची एक मुलगी केव्हापासून जिन्यावरून हे पाहत होती. तिला राहवेना.

"सर, रागावू नका, पण तुम्ही जरा आत बसता का? ती वहीपण न्या."

त्यांना लागलं. पण ते मुकाट्याने उठले आणि खिडकीआडून पाहत राहिले. तिने पोरांना गोळा केलं. "अरे, मतदानाचे अर्ज आहेत हे. पुस्तकांचा काही संबंध नाही." पोरं आली, भांडत भांडत एकमेकांची पेनं घेऊन अर्ज भरू लागली. पाच वाजता कारकुनाने मोजले तर एकशे सहा.

ग्रंथपाल बाहेर आले. "आणि गं, तुझा अर्ज?"

तिने पिशवीतून अर्ज काढला. त्याबरोबर एक जाडजूड पुस्तकही बाहेर आलं. "हे दोन वर्षं माझ्याकडेच आहे, सर," ती पुटपुटली. "शेवटची दोन प्रकरणं राहिलीत."

ग्रंथपालांनी तिच्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं. मग अर्ज तेवढा घेतला. "राहू दे. निवडणूक झाल्यावर आण."

"म्हणजे निवडणुकीपर्यंत मुदत आहे, सर?" मागून कुणीतरी विचारलं.

एकाला दिली ती सगळ्यांना द्यायला हवी, हे ग्रंथपालांचंच तत्त्व. कारकून अर्जांचा गठ्ठा घेऊन फाटकाबाहेर पडला, तेव्हा टेबल रिकामं झालं होतं आणि ग्रंथपाल दीडशे पुस्तकं पुन्हा पोरांच्या नावावर चढवत बसले होते.