म्हशीनं पास केलेला कॅमेरा

नवा कॅमेरा हाती आला की तुळशीरामभाऊ त्यानं माणसांचे फोटो काढत नाहीत. ते तो थेट ऑफिसमागच्या गोठ्यापाशी नेतात आणि शेजाऱ्यांच्या म्हशीपुढे उभा करतात. म्हैस काळी, गोठ्यात अंधार आणि बाहेर अंगणात डोळे दिपवणारं ऊन. एकाच फोटोत म्हशीचा डोळा दिसला पाहिजे आणि उन्हात वाळणारं धोतरही नीट दिसलं पाहिजे. "म्हैस पास करन तोच कॅमेरा," हा भाऊंचा नियम.

आमचं मूल या तालुक्याच्या गावी चार माणसांचं सर्वेक्षणाचं ऑफिस आहे. लेझरचं यंत्र स्टँडवर गरगर फिरतं आणि भिंती, कौलं, झाडं सगळं मोजून घेतं. माप चोख येतं, पण कॉम्प्युटरवर गाव राखेचं केल्यासारखं दिसतं. रंग हवा तर मोजणी झाल्यावर त्याच जागी, त्याच उंचीवर वेगळा कॅमेरा लावून चौफेर फोटो घ्यायचे. फोटो घेणं भाऊंचं काम, ते मापावर बसवणं माझं. फोटोच्या वेळी एखादी गाय मध्ये आली, तर ती मोजलेली नसल्यानं गाय काही उठून दिसत नाही. मागच्या भिंतीवर तिचा तपकिरी डाग तेवढा पडतो. भाऊंना हे डाग अजिबात खपत नाहीत. फोटो चालू असला की ते आमच्या साहेबांनासुद्धा "हालू नका!" म्हणून दटावतात.

यंदा खाणीसाठी एक गाव उठणार होतं. पाडापाडीआधी घर न् घर रंगासकट नोंदून ठेवायचं काम आमच्याकडे आलं. चुकलं तर दुसऱ्यांदा जायला गावच राहणार नव्हतं. त्यामुळे कॅमेरा निवडायचा होता, आणि निवडणार होते भाऊ. आमचा महिना त्यातच गेला.

साहेबांना दोन भिंगांचा चिमुकला कॅमेरा आवडला होता. एकदा बटण दाबलं की झालं. विकणारा नागपूरहून आला होता. त्यानं भाऊंनाच जवळ उभं करून फोटो काढला. दोन्ही भिंगांचे फोटो जिथं जुळत होते, नेमके तिथंच भाऊ उभे होते.

"माही अर्धी मिशी कुठी गेली?" भाऊंनी विचारलं.

"भाऊ, थोडं तर चालतं," तो म्हणाला.

"तुमची नाई गेली म्हणून चालते."

भाऊंची निवड वेगळी होती. मोठा कॅमेरा, एकच भिंग, जागच्या जागी फिरवून उन्हाचे वेगळे आणि सावलीचे वेगळे फोटो घ्यायचे. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं.

"अहो, काम मापाचं आहे. रंगाचं एवढं काऊन करून राह्यले?" साहेब वैतागले.

"सायेब, माप तुमच्या कागदाले लागते. त्या लोकायले आपली भिंत ओळखू आली पायजे ना!"

शेवटी साहेबांच्याच कॅमेऱ्याची अंगणात चाचणी झाली. त्याची भिंगं लेझरच्या जागी नेमकी बसत नव्हती, म्हणून शेजारच्या भिंतीचा गुलाबी रंग साहेबांच्या पांढऱ्या गाडीवर चढला. साहेबांनी स्क्रीनकडे एकदा पाहिलं आणि भाऊंचा कॅमेरा मागवला. म्हशीनंही तो पास केला.

गावात आठ दिवस काम चाललं. भाऊ सगळ्यांना दारातून हटवत होते. मी ऑफिसात बसून रंग चढवत होतो. शेवटच्या दिवशीच्या एका घराच्या निळ्या भिंतीवर मला हिरवा डाग दिसला. नीट पाहिलं तर हिरव्या लुगड्यातली म्हातारी होती, भिंतीवर चपटी झालेली, हात जोडून. मी डाग पुसायला घेतला.

"राहू दे," मागून भाऊ म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा करताहेत. वळून पाहिलं तर चेहरा चेष्टेचा नव्हता.

"मामी हाये माही. मायबाप गेल्यावर इनंच वाढवलं मले. हे गाव माहंच म्हण ना."

भाऊंनी हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. लग्न केलं नाही, मूलमध्ये एका खोलीत राहतात, एवढंच मला ठाऊक होतं. आणि आम्ही महिनाभर त्यांच्या म्हशीवर हसलो होतो. मला फार शरमल्यासारखं झालं.

"पण भाऊ, तुम्ही तर कोणालाच उभं राहू देत नव्हता."

"मामी जन्मात कॅमेऱ्यापुढं आली नाई रे. लग्नातबी फोटोच्या वेळी पळून जाये. त्या दिवशी आपल्या मनानं येऊन उभी राह्यली. तिले वाटलं, माणसायची मोजणी चालली. मोजलं नाई तं नव्या गावात घेणार नाईत." भाऊंनी स्क्रीनवरच्या हिरव्या डागाकडे बोट केलं. "मले विचारलं तिनं, 'मोजली काय रे बाबू मले?'"

"मग?"

"मोजली म्हणलं."

मोजणी तर आधीच उरकली होती. यंत्राकडे मामीचं काहीच नव्हतं. भिंतीवर हा एवढा रंग आला होता. मी फाइल तशीच सेव्ह केली आणि तपासणीच्या रकान्यात त्या घरापुढे लिहिलं : चूक नाही.