बैल छावणीच्या किती जवळ होते

जवळीक ही गंभीर बाब असून ती मोजल्याशिवाय कोणाच्याही जवळ जाऊ नये, हे पुण्याने पेशवाईतच ओळखले होते. मोजमाप सोपे होते. दिंडीदरवाजातच बोलून वाटेला लावला तो ओळखीचा. ओसरीवर पाणी मिळाले तो जवळचा. पाण्याबरोबर गूळही मिळाला तो फारच जवळचा (असे अख्ख्या शहरात अकरा जण होते, पैकी सात जावई).

ही शास्त्रशुद्ध पद्धत इंग्रजीला लावण्याचा मान शनिवार पेठेतल्या तर्जुमा (म्हणजे भाषांतर) कचेरीचा. शके सतराशे तेहेतिसात, ऐन मृगाच्या तोंडावर, मांजरी गावच्या दत्तोबाचे दोन बैल चरत चरत इंग्रज पलटणीच्या छावणीकडे गेले आणि साहेबाने ते बांधून घातले. बैल किती जवळ आले होते ते इंग्रजीत लिहून कळवा, लगेच सोडतो, असा त्याचा निरोप आला. इतके सोपे काम आजवर आलेले नसल्याने कचेरी सावध झाली.

"बैल होते कुठं?" कचेरीचे प्रमुख यज्ञेश्वरपंत यांनी विचारले.

"बाभळीपाशी, सरकार. छावणी तिथनं हाकंवर हाय."

"हाक कोणी मारायची? तू की साहेबानं?"

मुद्दा अनिर्णित म्हणून नोंदला गेला.

जवळ म्हणायला इंग्रजीत 'नियर', 'नियर बाय', 'क्लोज टू' आणि 'नेक्स्ट टू' असे चार प्रकार कचेरीला ठाऊक होते. 'नेक्स्ट टू' म्हणजे पंगतीतले शेजारचे पान. ते बैलाला देता येईना. 'नियर बाय' अंमळ लांब, म्हणून दरबारी कामासाठी राखून ठेवला. राहिले दोन. दुय्यम दिगंबरपंतांच्या मते 'नियर' म्हणजे दिंडीदरवाजा आणि 'क्लोज टू' म्हणजे ओसरी. तेव्हा छावणीत बैलांना पाणी पाजले काय, याची चौकशी निघाली. पाजले होते. चाराही घातला होता. चारा हा गुळाच्या जागी धरावा की कसे, यावर तीन दिवस गेले.

दत्तोबा रोज मांजरीहून चालत येई. "पंत, मिरग चालला. समद्यांची पेरणी उरकली, माझंच रान पडलंय. काय बी लिवा."

"काहीही लिहायचं असतं तर कचेरी कशाला काढली असती?" पंत म्हणाले. बिनतोड होते.

दहाव्या दिवशी त्याची बायको सोजरबाई परस्पर छावणीवर गेली. पहारेकऱ्याला तिने बोटाने बैल दाखवले, मग स्वतःला दाखवले, आणि कासरे धरून बैल घरी आणले. यास अर्धी घटका लागली.

त्याच दुपारी 'क्लोज टू' मंजूर होऊन पत्रावर शिक्का बसला. अडचण एकच होती. सुटलेले बैल सोडा, असे सरकारने लिहिणे शोभणार नव्हते. सबब बैल छावणीत पुन्हा बांधावेत म्हणजे ते रीतसर सुटतील, असा हुकूम घेऊन स्वार मांजरीला गेला. तिफण अर्ध्या रानात होती.

"अवं, ऱ्हायलेलं निम्मं तर पेरू द्या! उद्या मीच आणून बांधते की."

"बाई, पत्रावर तिथी आजची आहे."

बैल बांधले गेले. पत्र गेले. साहेबाने ते दोनदा वाचून उलट विचारले, "क्लोज टू, म्हणजे हात किती?" कचेरी पुन्हा बसली. मृग कोणासाठी बसला नाही.

आता आपण कचेरीला हसत असाल. पण वाचता वाचता 'नियर' की 'क्लोज टू', याचा कौल आपणही मनातल्या मनात देऊन टाकलाच. तो चुकला आहे. हरकत नाही. सोजरबाईच्या उरलेल्या रानाचे पुढे काय झाले, हे विचारायचे आपल्यालाही सुचले नाही. तेव्हा कचेरीत आपली जागा पक्की समजावी.