तायडेकाकांची हद्द

लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला चकित करावं असं मी ठरवलं आणि गल्लीतल्या चार घरांना चकित केलं.

झालं असं की माझे साडू अमेरिका फिरून आले. येताना मी त्यांच्याकडून डिस्कचा एक खोका मागवला होता. देवमासे, पेंग्विन, बर्फातली अस्वलं असे सगळे माहितीपट. आमच्या संध्याला असल्या गोष्टींचा भारी नाद. राजापेठेतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये दिवसभर पोरांना शिकवून घरी आली की ती माणसांपेक्षा जनावरं बघणं पसंत करते, आणि त्यात ती मलाही धरते. मी शेजाऱ्यांना बोलावलं, चिवड्याच्या प्लेटा मांडल्या, देवमाशावर दोन शब्द बोललो आणि डिस्क लावली. पडदा निळा झाला आणि त्यावर इंग्रजीत उमटलं, राँग रिजन.

मी डिस्क काढून बनियनला पुसली. मग संध्याच्या नव्या साडीच्या पदराला पुसली. तिनं माझ्याकडे कसं पाहिलं, ते इथं सांगत नाही. कुणीतरी टूथपेस्ट लावा म्हणालं. मी खरंच टूथपेस्ट आणायला निघालो होतो, तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून आवाज आला.

"भाऊ, डिस्कले काई झालं नाई. तिची हद्द तिथंच सरली."

हे तायडेकाका. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. वय पंचाहत्तरीच्या आसपास, पांढरा फुल शर्ट, खिशाला पेन, आणि पाठीत किंचित बाक. त्या बाकाचीही एक गोष्ट आहे, ती येईल पुढे.

त्या दिवशी चिवडा खात खात त्यांनी आम्हाला सगळं समजावून सांगितलं. पिक्चर एकच असतो, पण त्याचा मालक मुलखागणिक वेगळा. अमेरिकेत डिस्क निघते तेव्हा इकडे तोच पिक्चर टाकीजला लागायचा असतो. ती डिस्क आधीच घरोघर पोचली तर टाकीजवाल्यानं काय करायचं? पुन्हा भावाचा प्रश्न. इथं माल स्वस्त, तिथं महाग. इथला स्वस्त माल तिकडं गेला तर तिथला दुकानदार बसला. म्हणून कंपनीनं जगाचे वाटे पाडले, डिस्कवर एक आकडा टाकला, मशीनवर एक आकडा टाकला. दोन्ही जुळले तर चालते. पोरांच्या गेमचंही तसंच. "थे मशीन इमानदार हाय," काका म्हणाले. "तुमाले नाई म्हणते, पण खोटं नाई बोलत."

बाकीच्यांना वाटलं, काका गंमत करताहेत. ते गंमत करत नव्हते. त्यांची सगळी हयात याच कामात गेली होती.

हिंदी सिनेमाच्या धंद्यात देशाचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना सर्किट म्हणतात. आपलं वऱ्हाड सीपी-बेरारमध्ये. काका इथल्याच, अमरावतीच्या एका वितरकाकडे प्रतिनिधी होते. म्हणजे सिनेमाची रिळं असलेली पत्र्याची पेटी घेऊन एसटीनं अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर, वाशीम असं फिरायचं, तिकिटं मोजायची, मशीनच्या खोलीत झोपायचं आणि पेटी परत आणायची. वाशीमपर्यंत आपली हद्द. पुढं हिंगोली लागली की निजाम सर्किट, तिथं पिक्चरचा मालक दुसरा. एकदा हिंगोलीकडचा एक टाकीजवाला वाशीमला येऊन म्हणाला, रात्रीपुरती पेटी द्या, सकाळी आणून देतो. काका ती रात्र पेटीवर झोपले. "पाठ आजून दुखून राहिली," असं ते आजही सांगतात, आणि सांगताना जरा जास्तच वाकतात.

पुढं रिळं गेली, पेट्या गेल्या, नोकरी गेली. हद्द तेवढी काकांच्या डोक्यात राहून गेली.

त्यांच्याकडे एक ॲल्युमिनियमची शिडी आहे. ती कुणालाही मिळते, पण आमच्या राजापेठेपुरती. माझ्या मेहुण्यानं साईनगरसाठी मागितली तर म्हणाले, शिडीले तिकडचा हक्क नाई. एकदा पेपर टाकणाऱ्या पोऱ्यानं चुकून अकोल्याची आवृत्ती टाकली तर त्यांनी पेपर न उघडता परत केला. अकोल्याला एका लग्नात आम्ही सोबत होतो. दोन्ही बाजूंचं जेवण एकाच मांडवात होतं, आणि काका वाढप्याला विचारत होते की मुलीकडची रांग कोणती, कारण पत्रिका मुलीकडून आली होती. जो भेटेल त्याला त्यांचं एकच विचारणं असायचं: "हद्द पाह्यली काय?"

हसू यायचं आम्हाला. पण एका गोष्टीवर मला कधी हसता आलं नाही. काकू गेल्यापासून काका स्वयंपाकघरात पाय टाकत नाहीत. पुढच्या खोलीत, बाबासाहेबांच्या फोटोखाली एक स्टूल आहे, त्यावर एक बर्नरची शेगडी. तिथंच भात, तिथंच वरण. आत सगळी भांडी काकूंनी लावून ठेवली तशी. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तिच्या हद्दीत मी काहून घुसू? जित्या जीवी नाई घुसलो."

त्यांचा एकुलता एक मुलगा, आनंद, अमेरिकेत. शिकायला गेला आणि तिकडचाच झाला. तिथल्याच एका गुजराती मुलीशी, निशाशी, लग्न केलं. त्यांना मुलगी झाली, तारा. काकांनी तिला फक्त मोबाइलवर पाहिलेलं. एकदा त्यांनी जायचं ठरवलं, मुंबईला मुलाखतीला गेले, आणि व्हिसा मिळाला नाही. मागं बायको नाही, दुसरं कुणी नाही, परत येतीलच कशावरून, असा काहीतरी हिशेब. आम्ही चिडलो. काका चिडले नाहीत. म्हणाले, बराबर हाय त्याईचं, त्याईची हद्द हाय. मग घरी गेले आणि ताराकरता घेतलेल्या स्वेटरची पिशवी आमच्या संध्याजवळ ठेवायला दिली. आपल्याकडं कसर लागते म्हणाले.

या जानेवारीत आनंद गेला. हृदय. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसल्या बसल्या.

फोन माझ्याकडेच आला, कारण काकांना इंग्रजी फोनवर कळत नाही असं निशाला वाटे. सांगायला मी गेलो तेव्हा काका तांदूळ निवडत होते. माझं बोलून झाल्यावर त्यांनी उरलेले तांदूळही निवडले. मग विचारलं, केव्हा करून राहिले. मी म्हणालो, येत्या चार-पाच दिवसांत. तेवढ्यात व्हिसा मिळणं शक्य नव्हतं आणि हे मला त्यांना सांगावं लागलं नाही.

तिकडं अंत्यविधीचंही चित्रण करणाऱ्या कंपन्या असतात. निशानं लिंक पाठवली. विधी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी काका आमच्याकडे आले, हात-पाय धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून. संध्यानं लॅपटॉप टीव्हीला जोडला. पडदा काळा झाला आणि त्यावर उमटलं की हा व्हिडिओ तुमच्या देशात उपलब्ध नाही.

मी निशाला फोन लावला. ती आधी गोंधळली, मग कंपनीला विचारून तिनं सांगितलं. आनंदचे फोटो दाखवताना मागं एक जुनं हिंदी गाणं लावलं होतं, त्याच्या आवडीचं. त्या गाण्याचे आपल्या देशातले हक्क कुणा दुसऱ्याकडे आहेत. म्हणून यंत्रानं आपणहून ते चित्रण इथं बंद करून टाकलं. मूळ फाइल निशाकडे नव्हती, आणि आठवडा संपला की कंपनी लिंक काढून टाकणार होती. हवं तर डिस्क पाठवायला सांगते, असंही ती म्हणाली.

काका म्हणाले, "थे बी तिथलीच असन." आणि हसले. त्या हसण्यानंतर मला डिस्कबद्दल विचारायची हिंमत झाली नाही.

कोणतं गाणं, एवढं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. तो पिक्चर त्यांनीच वऱ्हाडात फिरवला होता. शाळेला सुट्या असायच्या, आनंद सोबत यायचा, एसटीत पेटीवर बसायचा. मशीनच्या खोलीतल्या भोकातून त्यानं तो पिक्चर किती वेळा पाहिला असेल कुणास ठाऊक. हे सगळं काकांनी सांगितलं ते टीव्हीच्या काळ्या पडद्याकडे बघत.

संध्या हळूच म्हणाली की काका, एक उपाय आहे. लॅपटॉप अमेरिकेतच आहे असं पलीकडच्या यंत्राला दाखवता येतं. क्लासमधली पोरं सर्रास करतात, पाच मिनिटांचं काम आहे.

"म्हणजे खोट्या पत्त्यावर पाह्यचं," काका म्हणाले.

"पोरगा तुमचा हाय, काका."

"पोरगा माहा हाय. गाणं माहं नाई."

ते उठले आणि गेले. मी संध्याला म्हणालो, म्हाताऱ्याला वेड लागलंय. ती म्हणाली, तुम्ही गप्प बसा.  मी निशाला दोनदा फोन केले, गाणं काढून पुन्हा टाकता येईल का म्हणून. दुसऱ्यांदा ती रडायला लागली आणि मीच सॉरी म्हणून फोन ठेवला. नांदगाव पेठेत गिरणीचे हिशेब लिहिणाऱ्या माझ्यासारख्या माणसानं अशा कामात पडू नये.

त्या दिवसांत काकांची शेगडी पेटली नसावी. भिंतीपलीकडून कुकरची शिटी ऐकू आली नाही. संध्या डबा घेऊन गेली तर दारातूनच घेतला, आणि रिकामा डबा धुऊन आमच्या उंबरठ्याच्या बाहेरच ठेवून गेले.

लिंकचा शेवटचा दिवस रविवार होता. मी मनाशी धरून चाललो होतो की हे आता राहिलंच. दुपारी चारच्या सुमाराला काका आले. शर्ट चुरगळलेला, खिशाला पेन नाही. चप्पल काढायचीही आठवण राहिली नव्हती. ते संध्यासमोर उभे राहिले.

"बाई, कोणत्या देशात बसवता मले, तिथं बसवा."

संध्यानं लॅपटॉप उघडला. तिनं बसवलं.

एक मोठी, स्वच्छ खोली. खिडकीबाहेर बर्फ. काळ्या कोटातली वीस-पंचवीस माणसं, बहुतेक गोरी. कुणीतरी आपलाच माणूस त्रिशरण म्हणत होता, अडखळत, कागद पाहून. मग भिंतीवर आनंदचे फोटो सुरू झाले आणि ते गाणं लागलं. माझं लक्ष काकांकडे होतं. मला वाटलं, आता मोडणार. ते मोडले नाहीत. पुढं वाकून म्हणाले, "थोडं मांगं घ्या."

संध्यानं मागं घेतलं. पुन्हा फोटो, पुन्हा गाणं. पुन्हा ते म्हणाले, मांगं घ्या. असं कितीदा तरी. मुलाचा हसरा चेहरा बघवतही नव्हता आणि सोडवतही नव्हता, असं मी समजलो. माझे डोळे भरून आले, मी पाणी आणायच्या निमित्तानं आत जाऊन उभा राहिलो. बाहेर आलो तेव्हा काकांनी हातानंच पुरे म्हणून सांगितलं होतं आणि पडदा बंद होता. ते भिंतीला हात लावत लावत त्यांच्या घरी गेले. मी दारापर्यंत गेलो, तर म्हणाले, या आता, इथून माहं मी जातो.

आत येऊन मी संध्याला म्हणालो, शेवटी बापच तो, लेकाच्या तोंडावरून नजर हलली नाही.

लॅपटॉपची वायर गुंडाळता गुंडाळता ती थांबली.

"तुमी पाह्यलंच नाई. काका आनंदकडं नव्हते पाहून राहिले. कोपऱ्यात थे पोर, तारा, उभी होती, दाराजवळ. दार उघडलं की तिच्या अंगावर वारा येऊन राहिला होता. पायात बूट होते, मोजे नव्हते. कोनाचंच ध्यान नव्हतं तिच्याकडं. काका दर वेळी तिथंच थांबवायले लावत होते."

 तिनं वायर पूर्ण गुंडाळली, कपाटात ठेवली आणि म्हणाली, "निशाले विचारा बरं, पोरीच्या पायाचं माप काय हाय. काकाले आताच सांगू नका."