आधी डोये, मंग बोलनं

नेरच्या बसस्टँडसमोर गफूरचाचांचं वेल्डिंगचं दुकान आहे. तिथे कशालाही जा, आधी काळा चष्मा चढवावा लागतो. फाटकाचं माप द्यायला जा, चष्मा. नुसता पत्ता विचारायला जा, तरी चष्मा. मशीन चालू असो वा बंद. "आधी डोये, मंग बोलनं," एवढंच चाचा म्हणतात आणि खिळ्यावरचा एक काढून पुढे करतात.

माझं वह्या-पुस्तकांचं दुकान त्यांना लागूनच, त्यामुळे वीस वर्षं मी दुपारचा चहा काळाच पीत आलो आहे. त्यात दूध असतं हे मी केवळ चवीवरून सांगू शकतो. एकदा माझ्या भाच्याच्या वरातीच्या गाडीचा दांडा तुटला, तर चाचांनी नवरदेवालाही सोडलं नाही. मुंडावळ्यांवरून चष्मा. अल्बममधला हा कोण, असं भाचेसून अजून मलाच विचारते.

चहाबरोबर चष्म्याचा इतिहासही ऐकावा लागतो.

"माहे उस्ताद काजयी धरलेली काच डोयासमोर धरत. एका हातात काच, एका हातात काम. मंग गोल चष्मा आला, बाजूनं चामडं लावलेला. त्यात घाम असा भरे का मानूस रडून राह्यला वाटे. मंग दांडीवाली ढाल आली, मंग डोक्यावरचं टोपडं."

आता झोत दिसताच आपोआप काळी होणारी काचही निघाली आहे. चाचांनी ती हातात घेऊन पाहिली आणि विकणाऱ्याला परत केली. "कवा काळं व्हाचं हे काचच ठरवन, तं मी कायले आहो?"

आपण डोळा लागला म्हणतो तेव्हा झोप लागलेली असते. चाचांच्या धंद्यात डोये लागले म्हणजे उघड्या डोळ्यांनी झोत पाहिला. मग काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी खळत नाही. चाचांचा त्यावर एकच इलाज, कच्च्या आलूच्या गार चकत्या.

भिंतीवरचा एक चष्मा मात्र ते कोणालाच देत नाहीत. लहानसा आहे, पट्ट्याला गाठ मारून आखूड केलेला. तो रुक्सीचा, त्यांच्या एकुलत्या एक लेकीचा. आई नसलेली पोर सहा वर्षांची असताना, अब्बा एवढं काय चमकवतात म्हणून दाराआडून बघत बसली आणि तिचे डोळे लागले. दुकान बंद ठेवून चाचा दोन दिवस चकत्या बदलत बसले. तिसऱ्या दिवसापासून हा कायदा सुरू झाला.

रुक्सी आता मालेगावला सासरी असते. दोन वर्षांत तिचं येणं झालेलं नाही. कधी सासूचं दुखणं, कधी आणखी काही. "ईदले येतो अब्बा, पक्कं," असं यंदा ती फोनच्या स्पीकरवर म्हणाली, ते मी माझ्या गल्ल्यावरून ऐकलं होतं.

ईदच्या दुपारी दुकानाचं शटर अर्धं वर होतं. चाचा नवा कुर्ता घालून स्टुलावर बसले होते आणि मांडीवर तो लहान चष्मा होता.

"आज काहून उघडलं चाचा?"

"नातीले दुकान पाह्याचं आहे म्हने. सहाची झाली. तिले लागन ना हा." पट्ट्याची गाठ ते पुन्हा पुन्हा घट्ट करत होते.

दोनची गाडी आली, चारची आली. प्रत्येक गाडीला चाचा उठून उभे राहत, शेवटचा माणूस उतरेपर्यंत. पाचच्या सुमारास फोन आला. "हाव बेटा. कोनी घरी आलं तं कसं निंगशीन? नाही, मी कायले नाराज होऊ?" ते हसूनच बोलत होते. मग आत जाऊन त्यांनी लहान चष्मा खिळ्याला लावला आणि स्वतःचा डोळ्यांवर चढवून परत स्टुलावर येऊन बसले.

गावात सकाळपासून विजेची लाइन नव्हती. मशीन थंड पडलेली होती. चाचांच्या चष्म्याखालून पाण्याची धार दाढीत उतरत होती.

"काय झालं चाचा?"

"काही नाही भाऊ." ते रस्त्याकडेच बघत होते. "डोये लागले."

मी खिळ्यावरचा एक चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि त्यांच्या शेजारी बसलो.