बटणाला कुंकू

गाडी मागे घसरायला लागली तेव्हा आत आम्ही दोघी म्हाताऱ्या होतो आणि चालवायच्या जागेवर कोणी नव्हतं.

पुढच्या सीटवर कुसुम, आमच्या शेजारच्या परबची बायको. तिचं उजवं अंग गेलंय. मी मागे. परब नुकताच खाली उतरला होता, कुसुमच्या बाजूचं दार उघडायला. आमची गल्ली घाटकोपरच्या डोंगरावर. इथे हातातून बटाटा सुटला तर खालच्या मोठ्या रस्त्यावरच सापडतो.

"ए, थांब! थांब म्हणतो ना!" परब ओरडला. आम्हाला नाही, गाडीला.

परब यंत्रांशी बोलतो. साकीनाक्याला एका कारखान्यात त्याने सगळी नोकरी लेथवर काढली. तिथल्या आवाजात माणसाचं ऐकू येत नसे म्हणून मशीनशी बोलायला लागलो, असं तो सांगतो. आता घरी बसला तरी तेच. माझा मिक्सर बंद पडला की येतो, कान लावून बसतो आणि म्हणतो, "याचं म्हणणं ऐकून घेऊ, मावशी."

"म्हणणं कसलं? मला चटणी वाटायची आहे."

तो हात वर करून मला गप्प करतो. मिक्सर चालू होतो, तेवढं खरं आहे. बिल्डिंगच्या पाण्याच्या पंपाला तो 'अहो' म्हणतो, कारण पंप त्याच्या आधीपासून इथे आहे. लिफ्ट अडकली तर तिच्यादेखत कोणाला शिवी देऊ देत नाही. "मनाला लावून घेते ती."

कुसुमला झटका आला आणि तिचं बोलणं गेलं. काही विचारलं की 'हूं' एवढंच. ऐकू येतं, कळतं सगळं, पण शब्द येत नाही. तेव्हापासून परबची यंत्रांशी बडबड दुप्पट झाली. सकाळी गीझरपासून सुरू होतो.

रिक्षात कुसुमला चढता येईना आणि आठवड्यातून दोनदा व्यायामाच्या डॉक्टरकडे तर न्यायचंच होतं. म्हणून त्याने जुनी गाडी घेतली. तिला धरायला एक बाई लागते, ती मी. माझी कंबर काय म्हणते ते कोणी ऐकून घेत नाही.

या गाडीत हँडब्रेकचा दांडा नाही. दोन सीटच्या मधे एक छोटं बटण आहे. ते वर ओढलं की मागची चाकं धरली जातात, दाबलं की सुटतात. परबला त्या बटणाचं फार कौतुक. "एवढासा जीव, पण अख्खी गाडी धरून ठेवतो."

मग दसरा आला. सगळ्यांनी गाड्या धुतल्या, झेंडूच्या माळा घातल्या. परबने बॉनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि आत जाऊन बटणाचीच पूजा केली. हळद, कुंकू, अक्षता आणि वरून नारळाचं पाणी. मी म्हटलं, "अरे, ते विजेचं आहे ना?"

"कष्ट कोण करतं, मावशी? बॉनेट?"

दोन दिवसांनी स्टिअरिंगसमोरचा ब्रेकचा लाल दिवा लुकलुकायला लागला. कधी ब्रेक लागे, कधी नुसतीच घरघर. परब बटणाकडे वाकून विचारी, "काय झालं रे? कोण काय बोललं तुला?" शेवटी साकीनाक्याच्या ओळखीच्या मेकॅनिकला दाखवलं. त्याने बटण उघडलं, बोट आत घातलं, बाहेर काढलं. बोटाला लाल चिकट लगदा.

"काका, आत काय टाकलंत?"

"पूजा केली."

"वाट लावलीत. नवीन बटण मागवतो. तोपर्यंत उतारावर न्यूट्रलमध्ये सोडू नका. गियरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा."

दगड आणला तो मीच. परबने तो कुंडीमागे ठेवून दिला. "दगड लावला की त्याला वाटणार, आपल्यावर विश्वास नाही. अशाने बरा व्हायचा तोही खचेल."

पुढच्या खेपेला मी गाडीत बसले ती दाराची कडी घट्ट धरून. जाताना दिवा लुकलुकत होता. येतानाही. मी त्याच्यावरची नजर काढली नाही. बिल्डिंगपाशी परबने बटण ओढलं आणि दिवा लुकलुकायचा थांबला.

"बघितलंत? झकास! ऐकलं त्याने!"

खुशीत त्याने गाडी न्यूट्रलला टाकली, इंजिन चालूच ठेवलं आणि उतरला. ब्रेक लागला की तो दिवा पेटून राहतो. हा तर विझला होता, ब्रेक लागलाच नव्हता.

गाडी हलली. मी पुढे वाकून बटण ओढलं. काही नाही. पुन्हा ओढलं, नखाला कुंकू लागलं. मागच्या काचेतून बघते तर परब पळत मागे गेलेला, पाठ गाडीला लावून उभा. सत्तरीचा माणूस, त्याच्याने गाडी थोपते का? चपला घासत तोही गाडीबरोबर खाली येत होता.

"बाजूला हो रे! चिरडून मरशील!"

"मधलं पेडल, मावशी! मधलं दाबा!"

माझा पाय तिथे कसा पोचणार? कुसुमची काठी माझ्याजवळ होती. दोन सीटच्या मधून ती खाली घातली. आधी लागली नाही. मग लागली. सगळा भार टाकला. गाडी थांबली.

"काठी सोडू नका!" परबचा आवाज बारीक झाला होता. चाकाखाली त्याने स्वतःचा पाय घातला होता.

वॉचमन आणि चार माणसं धावली, गाडी वर ढकलली, चाकाला दगड लावला. परबला फूटपाथवर बसवलं. पाय बघवत नव्हता. मी कुसुमला धरून बाहेर काढलं. तिने तो पाय बघितला. तोंड वाकडं झालं, ओठ थरथरले.

"मेल्या!" ती म्हणाली. "पाय कित्याक घातलंस? तुका अक्कल नाय?"

नवऱ्याला जन्मात कधी अरेतुरे न केलेली बाई. शब्द अर्धे तुटत होते, पण शिव्या एकामागून एक येत होत्या. गाडी, मेकॅनिक, सासू, कोणाला सोडलं नाही. वॉचमन हसायला लागला. परब पाय धरून ऐकत बसला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"फार दुखतंय का?" मी विचारलं.

"गप्प बसा हो, मावशी. ती बोलतेय."

पायाची तीन बोटं मोडली. त्या दिवशी उतारावर आम्ही तिघं होतो, कुसुम, परब आणि मी. तिघंही जिवंत आहोत.